सदोष अपडेट आणि ठप्प झालेली कार्यालये

अँटिव्हायरसचे अपडेट कार्यालयातल्या संगणकावर दिवसातून अनेकदा उतरते आणि बहुतेक वेळा कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यातली एखादी नोंद चुकीची निघाली, तर मात्र तोच अँटिव्हायरस विंडोजची स्वतःची फाइल व्हायरस समजून उचलून बाजूला टाकतो, किंवा यंत्रणेच्या गाभ्यात असा बिघाड करतो की संगणक सुरूच होत नाही. घरातल्या एका संगणकावर हे घडले तर एका माणसाचा दिवस जातो. एकाच लॅनवरच्या शंभर संगणकांवर एकदम घडले, तर कार्यालय बंद पडते. २००५ ते २०२४ या काळात जपान, चीन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि भारत इथे असे प्रसंग घडले. ते का घडले हे समजण्यासाठी अपडेट फ्लॉपीवरून हातोहात फिरत होते त्या दिवसांपर्यंत मागे जावे लागते. त्या दिवसांची एक महत्त्वाची कहाणी पुण्याची आहे.

पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस 'ब्रेन'. तो १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिला. जून १९९० मध्ये भारतात एक व्हायरस पहिल्यांदा सापडला आणि पुढे जगभर पसरला. त्याचे नाव 'जोशी'. दरवर्षी ५ जानेवारीला तो संगणक अडवून ठेवी आणि जोशींना वाढदिवसाच्या शुभेच्छा इंग्रजीत टाइप केल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे. हे दोन्ही व्हायरस डिस्कच्या बूट सेक्टरमध्ये बसत, म्हणजे लागण झालेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये ठेवून संगणक सुरू केला की काम झाले. तेव्हा पुण्यातल्या महाविद्यालयांत, बँकांत आणि कारखान्यांच्या कार्यालयांत पीसी येऊ लागले होते. एका फ्लॉपीवरून दहा जण काम करत आणि व्हायरसही त्याच वाटेने फिरत.

याच सुमारास, १९९० मध्ये, मूळचे सातारा जिल्ह्यातले आणि दहावीपर्यंत शिकलेले कैलाश काटकर यांनी मंगळवार पेठेत कॅल्क्युलेटर आणि कार्यालयीन यंत्रे दुरुस्त करण्याचे दुकान थाटले. पुढे दुरुस्तीला संगणक येऊ लागले. १९९३ मध्ये 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' ही संस्था उभी राहिली. दुरुस्तीला आलेल्या अनेक पीसींमध्ये हार्डवेअर ठणठणीत असे. बिघाड व्हायरसचा असे. धाकटे बंधू संजय मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. एकेका व्हायरससाठी ते सफाईचे छोटे प्रोग्राम लिहू लागले. ते एकत्र करून १९९५ मध्ये डॉसवर चालणारा 'क्विक हील' बाजारात आला. संस्थेचे नाव २००७ मध्ये 'क्विक हील टेक्नॉलॉजीज' झाले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात नोंदले गेले. 'नेट प्रोटेक्टर' हा दुसरा अँटिव्हायरसही पुण्याचाच. देशी अँटिव्हायरसच्या इतिहासात चेन्नईच्या 'के-७'बरोबर पुण्याचे नाव येते ते यामुळे.

त्या काळात अपडेट म्हणजे नवी फ्लॉपी. ती डीलरकडून आणायची आणि एकेका यंत्रात घालायची. व्हायरसच्या मानाने ही पद्धत फार संथ होती. पण त्या संथपणात एक संरक्षण आपोआप मिळत होते. फ्लॉपीतली नोंद चुकलेली असेल तर ती पहिल्या एक-दोन यंत्रांवरच उघडी पडे. यंत्र अडकले की हार्डवेअरवाला हात थांबवी, डीलरला विचारी, आणि उरलेली यंत्रे वाचत. हा अडथळा कोणी मुद्दाम घातलेला नव्हता. त्यामुळे तो निघून गेला तेव्हा त्याची उणीव कोणाला जाणवलीही नाही.

अँटिव्हायरस नेमके काय करतो हे इथे पाहायला हवे. त्याच्याकडे ज्ञात व्हायरसच्या खुणांची यादी असते. पोलीस ठाण्यात लावलेल्या संशयितांच्या छायाचित्रांसारखी. या खुणांना सिग्नेचर म्हणतात. संगणकावर कोणतीही फाइल उघडली की ती वापरणाऱ्याच्या हाती पडण्याआधी अँटिव्हायरस तिच्यातला मजकूर यादीशी ताडून पाहतो. खूण जुळली तर फाइल पुसली जाते किंवा 'क्वारंटाइन'मध्ये, म्हणजे कुलूपबंद कप्प्यात, टाकली जाते. प्रत्येक फाइल अशी वाटेत अडवायची तर अँटिव्हायरसला विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, जागा द्यावी लागते. तिथे चालणाऱ्या प्रोग्रामवर कोणाचा अंकुश नसतो. साधा प्रोग्राम कोसळला तर तो एकटा बंद पडतो. कर्नलमधला कोसळला तर विंडोज सगळे काम थांबवते आणि निळा पडदा दिसतो.

यातून चुकीच्या दोन जाती निघतात. पहिल्या जातीत सिग्नेचर निर्दोष फाइलशी जुळते. असा खोटा इशारा एखाद्या गाण्याच्या फाइलवर आला तर फारसे बिघडत नाही. विंडोज चालू ठेवणाऱ्या फाइलवर आला तर संगणक आडवा होतो. दुसऱ्या जातीत यादी वाचणारा प्रोग्राम स्वतःच अडखळतो, कारण यादीत त्याला न पेलणारी गोष्ट आलेली असते. २००५ आणि २०२४ चे प्रसंग दुसऱ्या जातीतले, मधले बहुतेक पहिल्या.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने देशात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. त्यानंतरच्या दहा वर्षांत व्हायरसचा वेग इतका वाढला की फ्लॉपीवरचे अपडेट हास्यास्पद वाटावे. २६ एप्रिल १९९९ रोजी 'चेर्नोबिल' नावाने ओळखल्या गेलेल्या सीआयएच व्हायरसने हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसला आणि काही यंत्रांचा बायॉसही बिघडवला. त्याचा मोठा फटका आशियाला बसला आणि त्यात भारतही होता. ४ मे २००० रोजी 'आय लव्ह यू' ई-मेलमधून एका दिवसात जगभर गेला. २५ जानेवारी २००३ रोजी 'स्लॅमर' या वर्मने तर अवघ्या दहा मिनिटांत त्याला बळी पडू शकणारी ९० टक्के यंत्रे गाठली. अशा शत्रूपुढे महिन्याचे किंवा आठवड्याचे अपडेट निरुपयोगी होते. अपडेट रोजचे झाले, मग दिवसातून अनेकदा येऊ लागले. कार्यालयांसाठी वेगळी आवृत्ती निघाली. तिच्यात एक सर्व्हर कंपनीकडून अपडेट उतरवून घेई आणि लॅनवरच्या सगळ्या यंत्रांना वाटून देई. सिस्टिम अ‍ॅडमिनची टेबलोटेबली फिरण्याची वणवण संपली, आणि चुकलेली नोंदही आता त्याच सर्व्हरवरून सगळ्या टेबलांवर एकदम पोहोचणार होती.

पहिला मोठा झटका जपानला बसला. शनिवारी, २३ एप्रिल २००५ रोजी सकाळी ट्रेंड मायक्रोने नवी पॅटर्न फाइल, म्हणजे सिग्नेचरची यादी, पाठवली. तिच्यात एका विशिष्ट प्रकारे दाबून बंद केलेल्या फाइली उलगडण्याची नवी सोय होती. विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ वर ही सोय फेऱ्यात अडकली आणि प्रोसेसरची सगळी ताकद खाऊ लागली. संगणक बंद पडले नाहीत, पण माऊसही हलेना. पूर्व जपान रेल्वेच्या आणि वृत्तपत्रांच्या कार्यालयांतले काम अडले. कंपनीने दीड तासाच्या आसपास ती फाइल मागे घेतली. सुट्टीच्या दिवशी अनेक कार्यालये बंद होती म्हणून हानी मर्यादित राहिली. अपडेट पाठवण्यापूर्वी नेमक्या त्या आवृत्तीवर पुरेशी चाचणी झाली नव्हती, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते. पुढची प्रत्येक कथा याच वाक्याकडे परत येते.

पुढच्या वर्षी, १० मार्च २००६ रोजी, मॅकॅफीच्या अपडेटने मायक्रोसॉफ्ट एक्सेलचा मुख्य प्रोग्राम व्हायरस ठरवला. मार्च अखेरीस हिशोब करणाऱ्या कोणत्याही कार्यालयाला हे किती जाचक असेल ते सांगायला नको. १८ मे २००७ रोजी सिमँटेकच्या अपडेटने चिनी भाषेतल्या विंडोज एक्सपीच्या दोन मूलभूत फाइली क्वारंटाइनमध्ये टाकल्या, आणि ज्यांनी संगणक रीस्टार्ट केला त्यांचा तो पुन्हा उठला नाही. ही चूक चिनी आवृत्तीपुरतीच होती. नोव्हेंबर २००८ मध्ये एव्हीजीने विंडोजची एक अत्यावश्यक फाइल ट्रोजन ठरवली, तीही डच, फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज आणि स्पॅनिश आवृत्त्यांवर. म्हणजे इंग्रजी विंडोजवर सुरक्षित ठरलेले अपडेट दुसऱ्या भाषेच्या विंडोजवर घातक ठरू शकत होते. भारतातली बहुतेक कार्यालये इंग्रजी विंडोज वापरत असल्यामुळे या दोन्ही वेळा बचावली. हा केवळ योगायोग होता.

बुधवार, २१ एप्रिल २०१० चा प्रसंग मात्र इंग्रजी विंडोजवरच कोसळला. मॅकॅफीने ५९५८ क्रमांकाची डॅट फाइल, म्हणजे सिग्नेचरची फाइल, सोडली तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे सहा वाजले होते आणि भारतात संध्याकाळचे साडेसहा. 'वेकॉर्ल' नावाचा व्हायरस विंडोजच्या एसव्हीसीहोस्ट या प्रक्रियेवर हल्ला करतो. तो पकडण्यासाठी नवी सिग्नेचर लिहिली होती. विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक ३ वर ही सिग्नेचर खऱ्या, निरोगी एसव्हीसीहोस्टशीच जुळली. विंडोजच्या डझनावारी सेवा, अगदी नेटवर्कही, या एका फाइलच्या आधाराने चालतात. ती क्वारंटाइनमध्ये गेली की संगणक एका मिनिटात बंद होण्याची सूचना देई, पुन्हा सुरू होई, पुन्हा बंद होई. अडकून बसलेल्या यंत्राचे नेटवर्कही गेलेले असे.

ही शेवटची गोष्ट सर्वांत वाईट. मॅकॅफीने काही तासांत सदोष फाइल काढून घेतली आणि ५९५९ क्रमांकाची दुरुस्त फाइल दिली. पण नेटवर्क नसलेल्या यंत्रापर्यंत ती पोहोचणार कशी? त्यासाठी चालू असलेल्या दुसऱ्या संगणकावरून दुरुस्तीची फाइल सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्यायची, प्रत्येक आजारी यंत्रापाशी जायचे, सेफ मोडमध्ये ते सुरू करायचे, फाइल टाकायची, एसव्हीसीहोस्टची चांगली प्रत परत जागेवर ठेवायची. जी वणवण नेटवर्कने वाचवली होती, ती नेटवर्कमुळे झालेली इजा निस्तरण्यासाठी पुन्हा करावी लागली. ऱ्होड आयलंडमधल्या काही रुग्णालयांनी नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या आणि तातडीच्या विभागात गंभीर दुखापत नसलेले रुग्ण घेणे थांबवले. केंटकीत पोलिसांच्या गाड्यांमधले संगणक बंद ठेवावे लागले. ऑस्ट्रेलियात कोल्स या दुकानसाखळीचे गल्ले बंद पडून काही दुकाने बंद करावी लागली. इंटेलच्या कार्यालयांतही संगणक बंद पडले; त्याच इंटेलने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॅकॅफी ७.६८ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार जाहीर केला.

कंपनीच्या चौकशीत निघाले ते एवढेच: सर्व्हिस पॅक ३ आणि अँटिव्हायरसची ताजी आवृत्ती ही जोडी त्या दिवशीच्या चाचणीत नव्हती. सर्व्हिस पॅक ३ तेव्हा दोन वर्षे जुना होता आणि जगातल्या अनेक कार्यालयांत तोच चालत होता. त्याची चाचणी राहून जाणे ही बारीक चूक म्हणता येणार नाही. भारतात त्या वेळी बहुतेक कार्यालये सुटली होती. रात्री बंद असलेल्या संगणकांवर सदोष फाइल उतरलीच नाही, आणि सकाळी यंत्रे सुरू झाली तोवर दुरुस्त फाइल तयार होती. घड्याळातल्या फरकाने वाचवलेली ही कार्यालये चौदा वर्षांनी त्याच फरकाने सापडणार होती. मॅकॅफीचे त्या वेळचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी जॉर्ज कर्ट्झ यांनी पुढच्या वर्षी आणखी काही जणांबरोबर क्राउडस्ट्राइक ही कंपनी स्थापन केली.

१९ सप्टेंबर २०१२ रोजी सोफॉसच्या अपडेटने एक नवीच अडचण निर्माण केली. त्यातल्या सिग्नेचरने वेगवेगळ्या कंपन्यांचे अपडेट करणारे प्रोग्राम व्हायरस ठरवले, आणि त्यात सोफॉसचा स्वतःचाही होता. आपलाच अपडेटर कुलूपबंद केल्यावर चूक सुधारणारे अपडेट येण्याचा रस्ताच बुजला. संगणक चालू, नेटवर्क चालू, तरी दुरुस्ती पोहोचत नाही, अशी ही कोंडी होती. एप्रिल २०१७ मध्ये वेबरूटचे सदोष अपडेट जेमतेम तेरा मिनिटे चालू होते, तरी तेवढ्यात अनेक छोट्या व्यवसायांच्या चांगल्या फाइली बाजूला टाकल्या गेल्या.

एवढे होत असताना अँटिव्हायरस बंद करून ठेवावा, निदान अपडेट उशिरा घ्यावे, असे कोणी का म्हटले नाही? म्हणणारे होते. पण उलट बाजूचे अनुभव त्याहून भयंकर होते आणि त्यातले दोन महाराष्ट्रातले आहेत. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या व्हायरसने न्हावा शेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरातले एक टर्मिनल ठप्प केले. ते मर्स्क या जहाजवाहतूक समूहातली कंपनी चालवत होती. हा व्हायरस युक्रेनमधल्या 'एम.ई.डॉक' या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून घुसवला होता. कंपनीच्या अपडेट सर्व्हरचा ताबा घेऊन हल्लेखोरांनी विश्वासाची वाटच वापरली. जुलै २०२४ च्या प्रसंगाआधी अपडेटमुळे महाराष्ट्रातले काम अडल्याचा हा मोठा दाखला, फक्त इथे चुकीऐवजी हेतू होता. दुसरा अनुभव पुण्याचा. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरलेल्या मालवेअरच्या मदतीने चोरांनी २८ देशांतल्या एटीएममधून आणि आंतरराष्ट्रीय हस्तांतरणातून मिळून ९४ कोटी रुपयांवर रक्कम पळवली. यानंतर कोणत्याही बँकेच्या संगणक विभागाला संरक्षण सैल करा असे सांगणे शक्यच नव्हते. मोठ्या संस्थांनी उलट अधिक खोलवर पाहणारी, यंत्रावरची प्रत्येक हालचाल टिपणारी संरक्षणे घेतली. क्राउडस्ट्राइकचे 'फाल्कन' त्यांतलेच.

छोट्या कार्यालयांची कथा या मोठ्या तारखांत दिसत नाही, म्हणून ती वेगळी सांगायला हवी. पुण्यातल्या कर्वेनगर, वारजे, कोथरूड या पट्ट्यात सनदी लेखापालांची कार्यालये, दवाखाने, पतसंस्था, क्लासेस आणि दुकाने आहेत. अशा कार्यालयात दहा-पंधरा पीसी, एक सर्व्हर म्हणून ठेवलेला जरा दणकट संगणक, त्यावर टॅली किंवा कोण्या स्थानिक प्रोग्रामरने लिहून दिलेले सॉफ्टवेअर, आणि वार्षिक देखभालीचा करार, म्हणजे एएमसी, घेतलेला एक इंजिनीअर असा सरंजाम असतो. जगभर लाखो यंत्रांवर असलेली फाइल अँटिव्हायरस कंपन्यांच्या ओळखीची असते. एखाद्या सोसायटीच्या हिशोबासाठी लिहिलेला, पन्नास ठिकाणी चालणारा, डिजिटल सही नसलेला प्रोग्राम त्यांना अनोळखी असतो. साधारण २०१० नंतर अनेक अँटिव्हायरसमध्ये फाइलची पत किती यंत्रांवर ती दिसली यावरूनही ठरू लागली, आणि अशा दुर्मिळ प्रोग्रामवर संशय येण्याचे प्रमाण वाढले. सकाळी अपडेट उतरते, दहा वाजता बिलिंगचा प्रोग्राम आयकॉनसकट नाहीसा होतो. एएमसीवाला येतो, क्वारंटाइनमधून फाइल परत काढतो, तिला सूट देतो, आणि पुढच्या आवृत्तीला तेच पुन्हा घडते. याची बातमी होत नाही. पण ज्या कार्यालयात दिवसभराची बिले हाताने लिहावी लागतात, त्याच्या दृष्टीने हा प्रसंग विमानतळावरच्या गोंधळाहून लहान नसतो. अशा स्थानिक सॉफ्टवेअरसाठी सही घेण्याचा खर्च त्या एकट्या प्रोग्रामरवर पडतो, आणि अँटिव्हायरस कंपन्यांनी अशा सॉफ्टवेअरकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

१९ जुलै २०२४ हा शुक्रवार होता. आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइकने विंडोज यंत्रांसाठी '२९१' क्रमांकाची चॅनेल फाइल, म्हणजे नियमांची फाइल, पाठवली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा मध्यरात्र होती. भारतात कार्यालये नुकती उघडत होती. फाइल उतरताच यंत्रावर निळा पडदा आला. रीस्टार्ट केले की पुन्हा निळा पडदा. ७८ मिनिटांनी, १० वाजून ५७ मिनिटांनी, कंपनीने सदोष फाइल मागे घेतली. तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख यंत्रे पडली होती. विंडोजच्या एकूण यंत्रांच्या एक टक्क्याहूनही हा आकडा कमी. पण ही यंत्रे विमान कंपन्या, बँका, रुग्णालये आणि मोठ्या उद्योगांची होती, कारण असे महागडे संरक्षण त्यांनाच परवडते.

तांत्रिक कारण वाचताना २००५ च्या जपानची आठवण येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये फाल्कनमध्ये प्रक्रियांमधल्या आपसांतील संवादावर नजर ठेवणारी नवी सोय आली. तिच्या व्याख्येत २१ रकाने होते. प्रत्यक्ष प्रोग्राम मात्र २० रकान्यांचीच माहिती पुरवत होता. आधीच्या नियमांत एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' अशी खूण असल्याने तो कधी तपासलाच गेला नाही. १९ जुलैच्या एका नियमाने पहिल्यांदा तिथे नेमकी किंमत मागितली. प्रोग्रामने स्मृतीतल्या, आपल्या नसलेल्या जागेत डोकावले आणि कर्नल कोसळला. फाल्कन विंडोजबरोबरच अगदी सुरुवातीला सुरू होत असल्यामुळे दर वेळी तो विंडोजला घेऊनच पडे. फाइल तपासणारे साधनही २१ रकाने गृहीत धरत होते, म्हणून त्याने ती पास केली. आणि या प्रकारच्या फाइली टप्प्याटप्प्याने न पाठवता सर्व ग्राहकांना एकदम पाठवण्याची प्रथा होती. खरी चूक या शेवटच्या प्रथेची म्हटली पाहिजे. रकान्यांची गफलत कोणाच्याही हातून होऊ शकते. ती आधी थोड्या यंत्रांवर गेली असती तर मिनिटांत कळली असती.

देशात सर्वांत दृश्य गोंधळ विमानतळांवर झाला. इंडिगो, अकासा, स्पाइसजेट, एअर इंडिया एक्स्प्रेस यांची आरक्षण आणि चेक-इन यंत्रणा कोलमडली. पुण्याच्या लोहगाव विमानतळाचे नवे टर्मिनल सुरू होऊन तेव्हा पाचच दिवस झाले होते. काउंटरवर प्रवाशांची नावे यादीत शोधून बोर्डिंग पास पेनाने लिहून दिले जात होते. हैदराबादच्या अशा एका पासचे छायाचित्र देशभर फिरले. एकट्या इंडिगोने १९० हून अधिक उड्डाणे रद्द केली. शनिवारी पहाटे तीनच्या सुमारास विमानतळांवरच्या यंत्रणा पूर्ववत झाल्याचे नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी सांगितले. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत दहा बँका आणि बिगर-बँक वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाल्याचे दिसले. महत्त्वाच्या यंत्रणा क्लाउडवर नाहीत आणि हे साधन थोड्याच बँका वापरतात, हे कारण बँकेने दिले. शेअर बाजार आणि सरकारी एनआयसीचे जाळे सुरळीत राहिले. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने त्याच दिवशी दुरुस्तीच्या सूचना काढल्या.

सूचना सोप्या होत्या: सेफ मोडमध्ये जा, क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरमधली नावात २९१ असलेली फाइल पुसा, संगणक पुन्हा सुरू करा. यंत्रामागे काही मिनिटांचे काम. पण ते प्रत्येक यंत्रासमोर बसूनच करायचे होते, आणि तेही २०१० पेक्षा अवघड झाले होते. कार्यालयीन लॅपटॉपच्या डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असत, त्यामुळे सेफ मोडसाठी ४८ अंकी किल्ली टाइप करावी लागे. काही संस्थांच्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या तेच पडलेले होते. महासाथीनंतर घरून काम करणारे कर्मचारी शहरभर पसरलेले होते. त्यांचा लॅपटॉप सुरूच होत नसल्यामुळे दुरून हात घालता येत नव्हता. मग फोनवर एकेक अंक सांगून किल्ली टाइप करवून घ्यायची, किंवा लॅपटॉप कार्यालयात आणायला सांगायचे, एवढेच उरले. आयटी विभागातल्या लोकांनी तो शनिवार-रविवार यातच घालवला. २९ जुलैपर्यंत जवळपास ९९ टक्के यंत्रे परत आल्याचे कंपनीने जाहीर केले.

२४ सप्टेंबर २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकचे एक ज्येष्ठ अधिकारी अ‍ॅडम मायर्स यांनी अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे माफी मागितली. सुमारे ७,००० उड्डाणे रद्द करावी लागलेल्या डेल्टा या विमान कंपनीने ऑक्टोबरमध्ये दावा दाखल केला. क्राउडस्ट्राइकने आता नियमांच्या फाइलीही टप्प्याटप्प्याने पाठवायचे ठरवले आणि त्या कधी घ्यायच्या हे ग्राहकांच्या हाती दिले. फ्लॉपीच्या काळात आपोआप मिळणारा उशीर आता मोजून-मापून, नियम म्हणून परत आणला गेला.

अँटिव्हायरसला कर्नलमध्ये ठेवायचे की नाही हा वाद या प्रसंगाहून जुना आहे. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ६४ बिट विस्टाचा गाभा बाहेरच्यांना बंद करायचे ठरवले, तेव्हा सिमँटेक आणि मॅकॅफीने जाहीर विरोध केला. आपल्यालाच बाहेर ठेवून मायक्रोसॉफ्ट स्वतःचे संरक्षण विकेल अशी त्यांची भीती होती. २००९ मध्ये युरोपीय आयोगाला दिलेल्या हमीनुसार मायक्रोसॉफ्टने आपल्या संरक्षण उत्पादनांना असलेलीच प्रवेशाची साधने इतरांनाही देण्याचे मान्य केले. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते, पण त्या तडजोडीची किंमत २०२४ मध्ये कार्यालयांनी मोजली. १० सप्टेंबर २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने संरक्षण कंपन्यांना रेडमंडला बोलावले. त्यानंतर २०२५ मध्ये अँटिव्हायरसला कर्नलबाहेर चालवण्याची व्यवस्था निवडक कंपन्यांना चाचणीसाठी दिली गेली, आणि विंडोज ११ मध्ये सुरू न होणाऱ्या यंत्राला इंटरनेटवरून आपोआप दुरुस्ती पोहोचवण्याची सोयही आली. नेटवर्क मेलेल्या यंत्रापर्यंत उपाय न पोहोचण्याची २०१० ची अडचण सोडवण्याचा हा पहिला गंभीर प्रयत्न आहे.

कार्यालयांच्या पातळीवर उपाय साधे आहेत. व्यवसायासाठीच्या आवृत्तीत सर्व्हरवरच्या कन्सोलमधून यंत्रांचे गट पाडता येतात. दोन-तीन बिनमहत्त्वाच्या यंत्रांवर अपडेट आधी घ्यायचे, काही तासांनी बाकीच्यांवर. बिटलॉकरच्या किल्ल्या छापून तिजोरीत ठेवायच्या. आपले स्थानिक सॉफ्टवेअर आधीच सूट-यादीत घालायचे. मात्र डीलरकडून एकेका पीसीसाठी सुटे लायसन्स घेतलेल्या लहान कार्यालयात असे गट नसतात. तिथे प्रत्येक यंत्र आपले अपडेट थेट कंपनीकडून, आले त्या क्षणी घेते, आणि काही बिघडले तर एएमसीच्या इंजिनीअरला फोन करून तो येईपर्यंत थांबावे लागते.